शाबितीचा भार

राष्ट्रीय ओळखपत्रे आणि जैवमितीय पारपत्रे यांमुळे व्यक्तिस्वातंत्र्याला धोका पोहोचतो काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा अशा स्वरात विचारला जातो की, उत्तर ऐकण्यापूर्वीच विचारणाऱ्याचा पक्ष कळून यावा. एक पक्ष म्हणतो की, ज्याच्या मनात काळेबेरे नाही त्याने आपला चेहरा आणि दहा बोटांचे ठसे सरकारदप्तरी नोंदवताना कचरण्याचे कारण काय. दुसरा म्हणतो की, माणसाच्या देहाचे मोजमाप घेऊन ते दप्तरात बांधून ठेवणे हाच दास्याचा आरंभ होय. दोन्ही म्हणण्यांत तथ्यांश आहे, परंतु दोहोंत एक उणीवही समान आहे. ओळख पटवण्याच्या ज्या निरनिराळ्या व्यवस्था इतिहासात निर्माण झाल्या त्या कोणत्या गरजेतून झाल्या, त्या कोणी कोणावर चालवल्या आणि त्यांच्या कचाट्यात सापडलेल्या माणसाला दाद मागण्यास कोठे जागा होती, याची चौकशी केल्यावाचूनच हे निवाडे दिले जातात. प्रस्तुत लेखसंग्रह ती चौकशी मराठीत व्हावी एवढ्यासाठी सिद्ध केला आहे. आणि या विषयाशी प्रथमच परिचय करून घेणाऱ्या वाचकास त्याचा विस्तार, त्याची वळणे आणि त्यातील मुख्य मतप्रवाह यांची कल्पना यावी, या हेतूने ही प्रस्तावना लिहिली आहे.

आरंभीच तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. पहिली गोष्ट म्हणजे माणसाच्या खिशातला दाखला. दुसरी, त्या दाखल्यामागे उभे असलेले दप्तर. आणि तिसरी, चौकीवर, रेशनच्या दुकानात, बँकेच्या खिडकीशी किंवा विमानतळावर होणारी तपासणी. सामान्य वादविवादात या तिहींची गल्लत होते, आणि त्यामुळे जो राग दप्तरावर निघावयाचा तो कार्डावर निघतो. जर्मनीत प्रौढ नागरिकाजवळ ओळखपत्र वा पारपत्र असणे सक्तीचे आहे, परंतु ओळखपत्रासाठी घेतलेले बोटांचे ठसे कोणत्याही मध्यवर्ती कोठारात साठवले जात नाहीत. उलट दुसऱ्या महायुद्धातील इंग्लंडात सर्वसामान्य माणसाच्या हाती असलेले कार्ड हा छायाचित्र नसलेला एक साधा कागद होता, पण त्याच्यामागे साऱ्या देशाची नोंदवही होती. यांपैकी कोणती व्यवस्था स्वातंत्र्याला अधिक जाचक, हे केवळ कार्डाकडे पाहून सांगता येणार नाही.

प्रवासाचा परवाना आणि माणसाचा हुलिया या आधुनिक युगाच्या कल्पना नव्हेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला असून, त्याने एक माषक घेऊन मुद्रा द्यावी आणि मुद्रेवाचून ये-जा करणाऱ्या जानपदाकडून बारा पण दंड घ्यावा, असा नियम तेथे घालून दिला आहे. त्याच ग्रंथात नगरातील गोप नावाच्या अधिकाऱ्याने आपल्याकडे सोपवलेल्या कुटुंबांतील स्त्रीपुरुषांची जात, गोत्र, नाव आणि व्यवसाय यांची, इतकेच नव्हे तर त्यांच्या आयव्ययाचीही माहिती ठेवावी, असे सांगितले आहे. पुढे दिल्लीच्या अलाउद्दीन खिलजीने शिपायांचा हुलिया लिहून घेण्याची आणि घोड्यांना डाग देण्याची पद्धत पाडली, आणि अकबराच्या काळात तिचे पुनरुज्जीवन झाले. हजेरीच्या वेळी भाडोत्री माणसे आणि मरतुकडी घोडी उभी करून खजिन्याची लूट होऊ नये, हा त्यातला हेतू. मात्र या राजवटींचा हात शिपायापर्यंत, व्यापाऱ्यापर्यंत आणि वाटसरूपर्यंत पोहोचे. घरीच राहणाऱ्या रयतेची ओळख गाव देत असे, आणि कुलकर्ण्याच्या दप्तरात माणसापेक्षा जमिनीची आणि तिच्या साऱ्याची नोंद अधिक काटेकोर असे. गावाने दिलेली ही ओळख प्रेमळ होती असा गोड समज मात्र करून घेऊ नये. जो वेशीबाहेर राहत होता त्याला गाव त्याच्या जातीने ओळखत होते आणि त्या ओळखीतून सुटण्यास त्याला मार्ग नव्हता. अशा माणसाच्या हाती ज्यावर जात लिहिलेली नाही असा दाखला येणे, ही त्याच्या दृष्टीने मुक्तीची पहिली पायरीही ठरू शकते. ओळखपत्राचा विचार करताना ही बाजू विसरणारा टीकाकार अर्धेच सत्य सांगत असतो.

आज ज्याला आपण बायोमेट्रिक म्हणतो, म्हणजे देहाच्या खुणांवरून माणूस ओळखण्याचे जे शास्त्र, त्याचा राज्यकारभारातील जन्म आपल्याच देशात झाला, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. 1858 साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या कंपनी सरकारच्या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या खडीचा करार लिहून घेताना त्याच्या सबंध पंजाचा ठसा कागदावर उमटवून घेतला. उद्देश असा की, पुढे हा माणूस आपली सही नाकारू पाहील तर त्याला धाक असावा. 1877 मध्ये हुगळीचा मॅजिस्ट्रेट असताना त्याने दस्तनोंदणीत, तुरुंगात आणि पेन्शन घेणाऱ्यांच्या बाबतीत बोटांचे ठसे वापरून पाहिले, कारण मेलेल्या पेन्शनराच्या नावावर दुसराच कोणी रक्कम उचलतो असा सरकारला संशय होता. पुढे एडवर्ड हेन्री या पोलीस अधिकाऱ्याच्या हाताखाली अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी या ठशांचे वर्गीकरण बसवले, 1897 मध्ये कलकत्त्यास ठशांची कचेरी स्थापन झाली, आणि 1901 मध्ये ती पद्धत हेन्रीच्या नावाने लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेली. या साऱ्या उद्योगाच्या मुळाशी एक गृहीत होते आणि ते कोणी लपवूनही ठेवले नव्हते: प्रजा खोटे बोलते, तिच्या शब्दावर आणि सहीवर विसंबता येत नाही, म्हणून तिच्या देहालाच साक्षीस उभे केले पाहिजे. आपण खरे आहोत हे शाबीत करण्याचा भार रयतेवर, आणि ते मान्य करण्याचा अधिकार साहेबाकडे, अशी ही वाटणी होती.

या वाटणीचे सर्वांत क्रूर रूप 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात दिसते. एखाद्या जमातीत जन्मास येणे हाच पुरावा ठरवून माणसाची नोंद करावी, त्याने ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी, गाव सोडताना परवाना घ्यावा, अशी ही व्यवस्था 1911 च्या सुधारित कायद्याने सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येण्याजोगी झाली आणि नोंदलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार अंमलदारास मिळाला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहत, पारधी आणि कैकाडी कुटुंबांच्या वाट्याला आलेली हजेरी, हे महाराष्ट्राच्या स्मरणातून पुसले गेलेले नाही. 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणवल्या गेल्या; परंतु ज्यांच्या पूर्वजांची नोंद सरकारने बळजबरीने केली त्यांच्याच नातवंडांना आज जातीचा वा रहिवासाचा दाखला मिळवताना पुरेसे कागद नाहीत म्हणून परत पाठवले जाते, यातला विरोधाभास या विषयाच्या अभ्यासकाने नीट पाहण्यासारखा आहे. नोंद होणे हाही जाच होऊ शकतो आणि नोंद नसणे हाही. जाच कोठे उत्पन्न होतो हे नोंदीच्या अस्तित्वावरून ठरत नाही.

ही गोष्ट ज्यांनी प्रथम स्पष्टपणे ओळखली त्यांत मोहनदास गांधी यांचे नाव घ्यावे लागेल. दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालमध्ये 1906 साली आशियाई लोकांवर नोंदणीची आणि बोटांच्या ठशांची सक्ती करणारा वटहुकूम निघाला, तेव्हा 11 सप्टेंबर रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात झालेल्या सभेत तो न मानण्याची शपथ घेतली गेली, आणि ज्या लढ्याला पुढे सत्याग्रह हे नाव मिळाले त्याचा आरंभ झाला. परंतु अधिक विचारप्रवर्तक भाग त्यानंतरचा आहे. जानेवारी 1908 मध्ये तेथील सरकारचे जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड होऊन, लोकांनी स्वेच्छेने नोंदणी केल्यास सक्तीचा कायदा मागे घेतला जाईल अशी समजूत झाली, तेव्हा तीच नोंदणी करण्यास गांधी स्वतः निघाले. आणि हा विश्वासघात आहे असे वाटलेल्या मीर आलम या पठाणाने व त्याच्या साथीदारांनी त्यांना वाटेतच जबर मारहाण केली. कायदा मागे घेतला गेला नाही, तेव्हा 16 ऑगस्ट रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक दाखल्यांची होळी झाली. बोटे तीच, शाई तीच, नोंदवहीही तीच. तथापि समाजाने आपण होऊन दिलेली ओळख आणि धाकाने काढून घेतलेली ओळख यांत गांधींना जमीन-अस्मानाचे अंतर दिसले. मीर आलमची शंकाही मात्र पोकळ नव्हती, कारण एकदा दिलेला ठसा पुढे कोणत्या कारणासाठी वापरला जाईल यावर देणाऱ्याचा ताबा राहत नाही, हे त्यानंतरच्या दक्षिण आफ्रिकेने पुरेपूर दाखवले. कृष्णवर्णीयांवरील पास बाळगण्याच्या सक्तीविरुद्ध 21 मार्च 1960 रोजी शार्पव्हिल येथे जमलेल्या जमावावर गोळीबार होऊन 69 माणसे मारली गेली, आणि ते कायदे रद्द होण्यास 1986 साल उजाडावे लागले.

पारपत्राची कथा याहून थोडी निराळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम युरोपात पारपत्रावाचून प्रवास करणे बव्हंशी शक्य झाले होते. पहिल्या महायुद्धाने ती मुभा संपवली, आणि युद्धापुरती म्हणून बसवलेली चौकी युद्धानंतर उठली नाही. 1920 मध्ये राष्ट्रसंघाच्या विद्यमाने पॅरिस येथे भरलेल्या परिषदेने पारपत्राचा सर्वमान्य नमुना ठरवला आणि त्याच वर्षी हिंदुस्थानातही पारपत्राचा कायदा झाला. परवाना देणाऱ्याच्या हातीच परवाना काढून घेण्याची सत्ता असते, याचा अनुभव महाराष्ट्राला त्याआधीच आला होता: 1918 साली होमरूलची मागणी मांडण्यासाठी इंग्लंडला निघालेले लोकमान्य टिळक आणि त्यांचे सहकारी कोलंबोस पोहोचले असता त्यांची पारपत्रे रद्द करण्यात आली आणि त्यांना माघारी फिरावे लागले. याच काळात, स्वदेशाने झिडकारलेल्या रशियन निर्वासितांसाठी 1922 मध्ये फ्रित्यॉफ नान्सेन यांच्या पुढाकाराने निघालेल्या दाखल्याने हजारो माणसांना सरहद्दी ओलांडून जगण्याची वाट खुली करून दिली. कागद एकच, पण एकाच दशकात त्याने एका पुढाऱ्याची वाट अडवली आणि देश गमावलेल्यांची मोकळी केली.

स्वतंत्र भारतात पारपत्र हे दीर्घकाळ सरकारच्या मर्जीचे देणे मानले गेले. 1967 मध्ये सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशगमनाचा अधिकार व्यक्तिस्वातंत्र्यात मोडतो आणि कायद्यावाचून तो हिरावता येत नाही असा निर्णय दिला, त्यानंतर त्याच वर्षी पारपत्र अधिनियम आला. आणि 1978 मध्ये मनेका गांधी यांचे पारपत्र कारण न सांगता अडकवून ठेवल्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने, केवळ कायदा असणे पुरेसे नसून त्याची कार्यपद्धती न्याय्य, उचित व वाजवी असली पाहिजे, हे तत्त्व सांगितले. भारतीय घटनेतील एकविसाव्या अनुच्छेदाचा आजचा विस्तार ज्या निकालावर उभा आहे तो एका पारपत्रावरून निघाला, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. आता नाशिकरोडच्या सरकारी मुद्रणालयात छापल्या जाणाऱ्या पारपत्रात चिप बसू लागली आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने ठरवलेल्या नमुन्याप्रमाणे या चिपमध्ये धारकाचे छायाचित्र आणि तपशील असतात, आणि त्यांवर सरकारची अशी सांकेतिक मोहर असते की, मजकुरात फेरफार झाल्यास ती फेटाळली जावी. बनावट पारपत्र ओळखण्यास ही योजना निःसंशय उपयुक्त आहे.

युरोपच्या अनुभवाने या विषयाला जे गांभीर्य दिले त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. नेदरलँड्समध्ये युद्धापूर्वीची लोकसंख्येची नोंद अत्यंत व्यवस्थित होती, आणि तीत माणसाचा धर्मही नोंदलेला असे. ही नोंद कोणी दुष्ट हेतूने केली नव्हती. 1940 मध्ये जर्मन सैन्याने देश व्यापल्यावर तीच नोंदवही आणि तिच्या आधारे तयार झालेले ओळखपत्र ज्यूंना हुडकून काढण्याचे साधन बनले, आणि तेथील सुमारे 1,40,000 ज्यूंपैकी 1,00,000 हून अधिक मारले गेले. 27 मार्च 1943 रोजी चित्रकार विलेम आरोन्डेउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲमस्टरडॅमची नोंदणी कचेरी पेटवली ती याच कारणाने. त्यांना ओळखपत्रांपेक्षा दप्तर नष्ट करणे अगत्याचे वाटले. रवांडात बेल्जियन राजवटीने 1930 नंतरच्या दशकात कार्डावर लिहिलेली वांशिक जात 1994 च्या नरसंहारात रस्त्यावरच्या नाक्यानाक्यावर मृत्यूचा हुकूम ठरली. इंग्लंडचा धडा सौम्य, पण वेगळ्या अर्थाने उद्बोधक आहे. 1939 मध्ये तीन प्रयोजनांसाठी सुरू झालेली तेथील राष्ट्रीय नोंदणी अकरा वर्षांत 39 सरकारी खाती वापरू लागली होती. 1950 च्या डिसेंबरात क्लॅरेन्स विल्कॉक या गृहस्थाने पोलिसाला कार्ड दाखवण्याचे नाकारले, आणि अपिलात त्याचा अपराध कायम होऊनही सरन्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांनी, युद्धासाठी केलेला कायदा शांततेत असा राबवल्याने कायदा पाळणारी माणसेच गुन्हेगार ठरतात, या अर्थाचे ताशेरे ओढले. फेब्रुवारी 1952 मध्ये ती कार्डे बंद झाली.

या अनुभवांतून जे विचारसंप्रदाय घडले ते स्थूलमानाने चार म्हणता येतील. पहिला कल्याणकारी प्रशासनाचा: ज्याची नोंद नाही त्याला राज्य धान्यही देऊ शकत नाही आणि मतही देऊ देत नाही, म्हणून विश्वसनीय ओळख ही दुर्बलांचीच गरज आहे, असे तो मानतो. दुसरा उदारमतवादी विधिज्ञांचा. 1983 मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने जनगणनेच्या प्रकरणात आपल्याविषयीच्या माहितीचे काय व्हावे हे ठरवण्याचा अधिकार नागरिकाचा आहे असे जे सांगितले, ते या संप्रदायाचे मुख्य प्रमाण होय. तिसरा इतिहासकारांचा आणि राज्यसंस्थेच्या समीक्षकांचा. राज्याला समाज आपल्या दप्तरात वाचता येईल असा करून घ्यावा लागतो हे जेम्स स्कॉट यांनी मांडले, आणि हालचालींना अधिकृतता देण्याची मक्तेदारी आधुनिक राज्याने कशी मिळवली हे जॉन टॉर्पी यांनी पारपत्राच्या इतिहासातून दाखवले. चौथा संप्रदाय आपल्या देशात विशेष बळकट आहे. ज्यां द्रेझ आणि रीतिका खेरा यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ पाळतीच्या भीतीपेक्षा वगळले जाण्याच्या वस्तुस्थितीवर बोट ठेवतात आणि हक्काचे धान्य अंगठा न जुळल्याने अडते तेव्हा स्वातंत्र्य प्रथम पोटातून जाते, असे त्यांचे सांगणे आहे. या चारही संप्रदायांत परस्परविरोध आहे तसा परस्परपूरक भागही आहे, आणि एकालाच चिकटून बसणाऱ्यास हा विषय अर्धवटच उमगेल.

तंत्राचा थोडा उलगडा येथे करणे अवश्य आहे, कारण पुष्कळशी भीती आणि पुष्कळसा भरवसा या दोन्हींचा उगम अज्ञानात असतो. यंत्र बोटाचा ठसा ओळखते म्हणजे होय किंवा नाही असे निरपवाद उत्तर देते, असा समज आहे. वास्तविक ते दोन नमुन्यांतील साम्याला गुण देते, आणि किती गुणांना जुळले म्हणावयाचे ती मर्यादा माणसे ठरवतात. मर्यादा वर नेली की खरा माणूस नाकारला जातो, खाली आणली की तोतया स्वीकारला जातो. खडी फोडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या आणि उतारवयाच्या माणसांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, म्हणून नाकारले जाण्याचा फटका नेमका त्यांनाच अधिक बसतो. याखेरीज, समोर उभा असलेला माणूस हातातल्या पारपत्राचाच धनी आहे काय हे पाहणे, आणि हा कोण आहे हे कोट्यवधींच्या कोठारात शोधणे, ही दोन कामे गुणतः भिन्न आहेत. पहिल्यास मध्यवर्ती दप्तराची गरज नसते, दुसऱ्याचे त्यावाचून चालत नाही. आणि परवलीचा शब्द फुटला तर तो बदलता येतो, बोट बदलता येत नाही. म्हणून जैवमितीय दप्तराच्या रक्षणाची जबाबदारी कागदी दप्तराहून कितीतरी जड मानली पाहिजे.

आपल्या देशात या साऱ्या धाग्यांची गाठ आधार योजनेत पडली. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पहिला आधार क्रमांक दिला गेला तेव्हा, ज्यांना कोणताच कागद नाही त्यांना ओळख देणे, हा तिचा उद्घोष होता. दहा बोटे, दोन बुबुळे आणि चेहरा यांची नोंद त्यासाठी घेतली जाई, जात व धर्म विचारला जात नसे, आणि क्रमांक घेणे ऐच्छिक असल्याचे सांगितले जाई. पुढे गॅस, रेशन, पेन्शन, बँक, मोबाइल, प्राप्तिकर अशी तिची व्याप्ती वाढत गेली. 2016 मध्ये तिचा कायदा धनविधेयकाच्या रूपाने संमत झाला. न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. आणि 26 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा मताने कायदा उचलून धरला, पण बँकखाते, मोबाइल आणि शाळाप्रवेश यांसाठीची सक्ती रद्द केली आणि पडताळणीची नोंद सहा महिन्यांहून अधिक ठेवण्यास मनाई केली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या भिन्नमताचा आधार पुढल्याच वर्षी जमैकाच्या सर्वोच्च न्यायालयाने तेथील ओळख कायदा रद्द करताना घेतला. ज्या मॉरिशसमध्ये मराठी भाषक समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे तेथेही 2015 मध्ये न्यायालयाने ओळखपत्रासाठी ठसे घेण्यास मान्यता दिली, पण ते साठवून ठेवण्यास दिली नाही. या वादाचे क्षेत्र असे जगभर पसरलेले आहे, आणि त्यात भारतीय निकालांना मानाचे स्थान आहे.

येथे आधारच्या मूळ कायद्यातील एका तरतुदीकडे लक्ष वेधावेसे वाटते, कारण माझ्या मते या विषयाचे मर्म तीत दडले आहे. 2016 च्या कायद्यान्वये अपराधाची फिर्याद करण्याचा अधिकार केवळ आधार चालवणाऱ्या प्राधिकरणाला होता. ज्याची माहिती चोरीस गेली त्या नागरिकाला नव्हता. न्यायालयाच्या निर्णयानंतर 2019 च्या दुरुस्तीने तो नागरिकालाही मिळाला. हुगळीच्या पेन्शनराने आपण जिवंत असल्याचे अंगठ्याने शाबीत करावे, आणि ते नाकारणाऱ्या कारकुनाने मात्र काहीच शाबीत करू नये, ही जी वाटणी वसाहतीच्या काळात झाली तिचा अंश प्रजासत्ताकाच्या कायद्यातही सहजगत्या शिरला होता, आणि तो काढण्यासाठी न्यायालयात जावे लागले. 2017 साली झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात एका अकरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. आधारशी न जोडल्यामुळे शिधापत्रिका रद्द होऊन धान्य बंद झाले आणि ती भुकेने गेली असे कुटुंबाचे म्हणणे, तर आजाराने गेली असे प्रशासनाचे. वाद मिटो वा न मिटो, शिधापत्रिका रद्द करणाऱ्याने प्रथम त्या घरी जाऊन खातरजमा करावी असा नियम असता, तर तो वाद उत्पन्नच झाला नसता.

हा विषय आजच का महत्त्वाचा, याची कारणे शोधण्यास दूर जावे लागत नाही. 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने अटक झालेल्या माणसाचे ठसे, बुबुळे व इतर मोजमापे घेऊन ती 75 वर्षे जपून ठेवण्याची मुभा दिली आहे. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने खाजगी कंपन्यांवर बंधने घातली असली तरी सरकारी यंत्रणांना त्यातून वगळण्याचा अधिकारही सरकारच्याच हाती ठेवला आहे. चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यामुळे तर तपासणी होत असल्याची इतल्लाही माणसाला मिळत नाही. चौकीवर थांबवलेल्या माणसाला निदान आपल्याला थांबवले आहे एवढे कळत असे.

या परिस्थितीत प्रस्तुत ग्रंथ काय करू पाहतो, हे सांगितले पाहिजे. ओळखपत्रे जाळा असे तो सांगत नाही, आणि सरकारवर भरवसा ठेवा असेही सांगत नाही. इतिहास, विधी, तंत्र आणि लोकांचा प्रत्यक्ष अनुभव अशा चार बाजूंनी त्यातील लेखकांनी या प्रश्नाची मांडणी केली असून, त्यांची मते एकमेकांशी जुळावीत असा आग्रह संपादनात मुद्दाम धरलेला नाही. एस्टोनियासारख्या देशात आपली माहिती कोणत्या अधिकाऱ्याने केव्हा पाहिली हे नागरिकाला स्वतः पाहता येते. ही सोय वाखाणणाऱ्या लेखकाशेजारीच, लहान देशाचे माप मोठ्या देशास लावू नये म्हणणारा लेखक वाचकास भेटेल. परिभाषा शक्य तेथे मराठी ठेवली आहे, पण जेथे लोकांच्या तोंडी दुसराच शब्द रुळला आहे तेथे त्याला हुसकावलेले नाही. मामलेदार कचेरीत, ई-सेवा केंद्रात आणि रेशनच्या दुकानात रोज या प्रश्नाशी गाठ पडणारा वाचक आमच्यासमोर आहे. त्याला हा विषय केवळ विधिज्ञांचा वाटू नये, ही इच्छा.

या सर्व मतमतांतरांतून जाताना वाचकाने स्वतःपाशी एक कसोटी बाळगावी, असे सुचवून मी थांबतो. कोणतीही ओळखव्यवस्था समोर आली की तिच्या कार्डाचा रंग आणि चिपची किमया बाजूस सारून विचारावे: ओळख दाखवण्यास नकार देऊनही माणसाला धान्य, औषध आणि शिक्षण मिळवण्याचा दुसरा मार्ग उरतो काय, यंत्राने नाकारले तर आपण चुकलो नाही हे माणसाने शाबीत करावयाचे की यंत्र चुकले नाही हे सरकारने, घेतलेली माहिती कोणी, कशासाठी पाहिली हे विचारण्याचा आणि त्याचे उत्तर ठरल्या मुदतीत मिळवण्याचा हक्क त्याला आहे काय, आणि उद्या सत्तेवर येणारे सरकार आजच्याइतके सज्जन नसले तर हे दप्तर त्याच्या हाती निर्धास्तपणे देता येईल काय. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर ओळखपत्र हे नागरिकाच्या हातचे साधन होऊ शकते, आणि तसे करून घेणे ही प्रजासत्ताकाची जबाबदारी आहे. ती नसतील, तर कार्ड ऐच्छिक असो वा सक्तीचे, शाबितीचा भार पुन्हा रयतेच्या खांद्यावर आला असे समजावे, आणि तो उतरवून घेण्यासाठी कायदेमंडळात, न्यायालयात आणि तलाठ्याच्या चावडीवरही दाद मागावी. ती कशी मागावी याची पुरेशी सामग्री पुढील पानांत वाचकास मिळेल, असा मला भरवसा आहे.